पाण्याखालचा साक्षीदार

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आमच्या आजीची शिसवी पेटी उघडली जाई. ठुशी, मोहनमाळ, बुगड्या असे एकेक नग देवीपुढच्या ताटात येत, आणि सगळ्यांत शेवटी तळाच्या कापडात गुंडाळलेली पोवळ्यांची माळ निघे. सोन्याचे मला फारसे अप्रूप नव्हते. पण त्या तांबड्या, गुळगुळीत मण्यांकडे मी टक लावून पाहत राही. एकदा मी विचारलेच, "आजी, हे कुठं होतं गं?"

"समुद्रात झाड असतं पोवळ्याचं," ती म्हणाली. "त्याच्या फांद्या तोडून आणतात."

आजीला हसू नये. संस्कृतात 'प्रवाल' म्हणजे पोवळे, आणि 'प्रवाल' म्हणजेच कोवळी पालवीही. युरोपातील पंडितांचे मतही आजीहून निराळे नव्हते. सन १७२० च्या दशकात पेसोनेल नावाच्या मार्सेयच्या एका डॉक्टराने पोवळ्याची 'फुले' म्हणजे वस्तुतः बारीक प्राणी आहेत असे लिहून पॅरिसच्या विज्ञान अकादमीकडे पाठविले. रेओम्यूर या थोर शास्त्रज्ञाला ते इतके हास्यास्पद वाटले, की अकादमीपुढे निबंधाची हकीकत सांगताना त्याने बिचाऱ्या लेखकाचे नाव सौजन्य म्हणून झाकून ठेवले! पेसोनेल बरोबर होता हे पटावयास पुढे वीसेक वर्षे गेली.

दागिन्यातले हे तांबडे पोवळे भूमध्य समुद्रातले. सतराव्या-अठराव्या शतकांत इटलीतील लिव्होर्नो बंदराचे ज्यू व्यापारी ते गोव्याला पाठवीत आणि बदल्यात हिरे मागवीत. म्हणजे शतकानुशतके आपण पोवळे गळ्यात घातले, मंगळाची पीडा टळावी म्हणून बोटात घातले, वैद्यांनी त्याचे भस्म केले. परंतु ते जिवंत असताना कसे दिसते, त्याच्या शेजारी कोण राहते, हे ते तोडून आणणाऱ्या पाणबुड्यांखेरीज कोणी पाहिले नव्हते. त्याचे उष्ण कटिबंधातील दगडी भाऊबंद तर मैलोगणती भिंती बांधतात. त्या भिंतींच्या आसऱ्याने समुद्रातील मत्स्यजातींपैकी निदान चतुर्थांश जाती जगतात. पण त्या जगाची चित्रे काढणारा चित्रकार मेलेला मासा टेबलावर ठेवून काढी. आणि बाजारात मासळी घेणाऱ्या कोणाही गृहिणीला ठाऊक आहे, की पाण्याबाहेर आलेल्या माशाचा रंग घटकाभरात उतरतो.

हे जग जसेच्या तसे वर आणण्यासाठी कॅमेऱ्याला पाण्यात उतरावे लागले. त्या उतरण्याची ही कथा.

पहिला प्रयत्न फसला असेच म्हणावे लागेल. सन १८५६ च्या फेब्रुवारीत इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील वेमथ गावी विल्यम थॉम्प्सन या वकिलाने एका पेटीत कॅमेरा बसविला आणि मित्राबरोबर होडीत बसून तो सुमारे १८ फूट खोल सोडला. वरून दोरी ओढून झडप उघडली, दहा मिनिटे वाट पाहिली, पेटी वर घेतली. आत पाणी शिरलेले! तरीही काचेवर वाळू आणि शेवाळ यांची एक पुसट छाया उमटली होती. वकीलसाहेबांनी त्याची हकीकत लिहून पाठविली आणि पुन्हा आपल्या कामाला लागले. प्रवाळांचा तेथे संबंधच नव्हता. इंग्लंडच्या थंडगार पाण्यात त्यांच्या भिंती होत नाहीत.

खरा हट्टी माणूस भेटतो तो १८९३ साली, फ्रान्समध्ये. स्पेनच्या सरहद्दीजवळ बान्यूल्स येथे सागरी जीवशास्त्राची एक प्रयोगशाळा आहे. तेथे लुई ब्यूतां हा प्राध्यापक तांब्याचे शिरस्त्राण आणि शिशाचे जोडे घालून समुद्राच्या तळाशी जाऊ लागला. वर होडीतून पंपाने हवा पुरविली जाई. त्याचा भाऊ ओग्युस्त याने पाण्यात टिकेल असा कॅमेरा बनविला. तो इतका बोजड होता की तो दोरखंडाने खाली सोडावा लागे. आणि प्लेटा इतक्या मंद, की एका चित्रासाठी कधी कधी अर्धा तास झडप उघडी ठेवावी लागे. अर्धा तास स्थिर बसणारा मासा देवाने निर्माण केलेला नाही. तेव्हा प्रश्न आला उजेडाचा.

येथे वाचकांना दिवाळीची आठवण होईल. शोफूर नावाच्या विद्युत अभियंत्याने ब्यूतांसाठी एक काचेचा गोळा तयार केला. त्यात प्राणवायू भरला, मॅग्नेशियमची फीत गुंडाळली आणि विजेने ती पेटविली. डोळे दिपविणारा पांढरा लखलखाट झाला खरा, पण हा गोळा अधूनमधून फुटे. मग ब्यूतांने दुसरी युक्ती काढली: दोनशे लिटरचे एक लाकडी पिंप, त्यात प्राणवायू मिसळलेली हवा, वर काचेच्या झाकणाखाली स्पिरिटचा दिवा, आणि रबरी फुगा दाबला की दिव्याच्या ज्योतीवर मॅग्नेशियमची भुकटी उडावी अशी सोय. समुद्राच्या तळाशी पिंप घेऊन बसलेला प्राध्यापक आणि त्या पिंपातून उडणारा भुईनळा, हे दृश्य डोळ्यांपुढे आणून पाहावे! १८९९ साली त्याने आपल्यासारखाच पाणबुड्याचा पोशाख चढविलेल्या एमिल राकोविता या रुमानियन शास्त्रज्ञाचे पाण्याखाली छायाचित्र घेतले, आणि १९०० साली या विषयावरचे आपले पुस्तक छापले. त्यानंतर मात्र या वाटेने फारसे कोणी गेले नाही.

आता अमेरिकेकडे वळू. फ्लॉरिडाच्या टोकाशी की वेस्ट हे गाव आहे. तेथून पश्चिमेला सुमारे ७० मैल समुद्र ओलांडला की वाळूची काही ठिगळे लागतात. १५१३ साली पाँस द लिऑन या स्पॅनिश दर्यावर्द्याला तेथे पुष्कळ कासवे सापडली म्हणून त्याने त्यांचे नाव 'टोर्टुगास' ठेवले; गोडे पाणी थेंबभर नाही म्हणून पुढे खलाशांनी त्यामागे 'ड्राय' जोडले. ड्राय टोर्टुगास, म्हणजे कोरडी कासवे! एका बेटावर विटांचा प्रचंड किल्ला आहे. लिंकनच्या खुनाच्या कटात सापडलेला डॉक्टर मड याच किल्ल्यात कैदेत होता. शेजारच्या लॉगरहेड की या बेटावर कार्नेगी संस्थेने १९०४ साली प्रयोगशाळा काढली. कारण भोवती प्रवाळच प्रवाळ, आणि पाणी काचेसारखे.

या प्रयोगशाळेत उन्हाळ्यामागून उन्हाळे येणाऱ्या संशोधकांत विल्यम हार्डिंग लाँग्ली हे बाल्टिमोरचे प्राध्यापक होते. माशांना रंग कशासाठी, हा त्यांचा ध्यास. प्रवाळभिंतीवरचे मासे एखाद्या लग्नघरातल्या बायकांसारखे नटलेले. पिवळे, निळे, जांभळे, पट्ट्यापट्ट्यांचे. टेबलावर ठेवले तर ते भडक दिसतात. पण त्यांच्या घरी, प्रवाळांच्या आणि वाळूच्या पार्श्वभूमीवर, ते तसेच उठून दिसतात काय? लाँग्ली डोक्यावर शिरस्त्राण चढवून तळाशी जात आणि तासन् तास माशांत बसून राहत. एकच मासा वाळूवर आला की फिका होतो आणि खडकाशी गेला की गडद, हे त्यांनी पाहिले. पाहिले, पण दाखविणार कसे? काळ्या-पांढऱ्या छायाचित्रात रंगाचा वाद सुटत नाही.

१९२६ साली त्यांच्या मदतीला 'नॅशनल जिऑग्राफिक' मासिकाच्या छायाचित्र-विभागाचे प्रमुख चार्ल्स मार्टिन आले. त्या काळी रंगीत छायाचित्राची चालू पद्धत ल्युमिएर बंधूंची. तिच्यातल्या काचेवर रंगविलेल्या बटाट्याच्या पिठाचे, म्हणजे स्टार्चचे, सूक्ष्म कण पसरलेले असत. नारिंगी, हिरवे आणि जांभळे. चित्रे सुंदर येत. पण पिठाच्या चाळणीतून गाळून आलेला उजेड तो किती उरणार? भर उन्हातसुद्धा त्या काचेला काही सेकंद लागत. पाण्याखाली तर विचारावयासच नको.

त्यात समुद्राची आणखी एक खोडी. पाणी रंग गिळते, आणि सर्वांत आधी तांबडा गिळते. पाच-सहा मीटर खाली गेले की तांबडा मळकट होतो. आणखी खाली तो जवळजवळ नाहीसाच होतो. बऱ्याच खोलीवर बोट कापले तर रक्त हिरवट दिसते. म्हणून पाण्याखाली नुसता उजेड असून भागत नाही. शुभ्र उजेड वरून न्यावा लागतो, तोही जवळ न्यावा लागतो, तेव्हा कोठे समुद्राने लपविलेला रंग परत मिळतो.

मार्टिन यांनी काचा अधिक संवेदनशील केल्या, कॅमेऱ्यासाठी जलरोधक पेटी बनविली, आणि उजेडासाठी एक तराफा पाण्यावर सोडला. तराफ्यावर मॅग्नेशियमची भुकटी, वर परावर्तक, आणि खाली कॅमेऱ्याच्या झडपेपर्यंत विजेची तार. एका चित्रासाठी भुकटी किती? एक पौंड! तळाशी उभ्या असलेल्या लाँग्लींनी कळ दाबली, की डोक्यावर पाण्याच्या छतावर विजेचा लोळ फुटे आणि अदमासे पंधरा फूट खोलपर्यंत सारे लख्ख होई. दारूकामात हात भाजून घेतलेल्या वाचकांना पुढचे सांगावयास नकोच. एकदा थोडी भुकटी अवेळी पेटली आणि लाँग्ली चांगलेच भाजले. बरे झाल्यावर ते पुन्हा पाण्यात उतरले.

जानेवारी १९२७ च्या अंकात ही चित्रे छापली गेली. पाण्याखाली घेतलेली जगातली ती पहिली रंगीत छायाचित्रे. त्यातले सर्वांना लक्षात राहिलेले चित्र हॉगफिशचे आहे. आपण त्याला डुक्करमासा म्हणू. नाव ओंगळ, पण मासा देखणा. लांब तोंडाने वाळू उकरतो म्हणून हे नाव. पाठीच्या कण्यावर तीन लांब काटे शेंडीसारखे उभे. आणि गंमत अशी, की जन्मतः मादी असलेला हा मासा मोठेपणी नर होतो. चित्र आजच्या मानाने मऊ आहे, कडा विरघळल्यासारख्या. परंतु तो मासा आपल्या घरी आहे. त्याला गळ नाही, जाळे नाही, टेबल नाही. तो आपल्या वाटेने चालला आहे. मला या चित्राचे महत्त्व रंगापेक्षाही या गोष्टीत वाटते.

कारण त्यानंतरच्या पिढीची सुरुवात उलट टोकाने झाली. १९३७ च्या उन्हाळ्यात व्हिएन्नाचा अठरा वर्षांचा हान्स हास फ्रान्सच्या किनाऱ्यावर हवा खावयास गेला होता. तेथे गाय गिलपॅट्रिक हा अमेरिकन लेखक डोळ्यांना चष्मा लावून पाण्यात बुडी मारी आणि भाल्याने मासे टिपी. पोराने ते पाहिले आणि वेडावला. त्याच्या पहिल्या पुस्तकाच्या नावातच हार्पून आणि कॅमेरा शेजारी शेजारी आहेत. १९३९ साली दोन मित्रांना घेऊन तो कॅरिबियन समुद्रातील क्युरासाव आणि बोनेर या बेटांवर गेला. पाठीवर टाकी नाही, हवेची नळी नाही. छातीत मावेल तेवढा श्वास, पायांना रबरी पंख, हातात स्वतः जुळवलेल्या पेटीतला कॅमेरा. मोरी अंगावर आली तर पाण्यात मोठ्याने ओरडावे, ती दचकून वळते, हा शोधही त्यांनी तेथेच लावला. इतक्यात युरोपात महायुद्ध पेटले आणि पोरे बेटावर अडकून पडली. तेवढे दिवस त्यांना पाण्यात अधिक मिळाले.

हळूहळू भाला मागे पडत गेला. हासने स्वतः ही गोष्ट अनेकदा सांगितली आहे, पण तिच्यात नीतीचा साक्षात्कार शोधू नये. साधा हिशेब आहे. भाल्याने मारलेला मासा एकदाच मिळतो, आणि भोवतीचे शंभर पळून जातात. कॅमेऱ्यावाल्याला ते शंभर हवे असतात. बोनेरच्या किनाऱ्यावर १९७१ साली भाल्याने मासे मारण्यावर बंदी आली, आणि १९७९ साली बेटाभोवतीचा समुद्र राखीव झाला.

हासच्या मोहिमांत स्त्रीला जागा नव्हती. निदान त्याचे मत तसे होते. त्याची सेक्रेटरी लोटे बायर्ल हिने साहेबांच्या गैरहजेरीत त्यांचाच कॅमेरा घेऊन डॅन्यूब नदीच्या पाण्यात सराव केला. १९५० साली ती तांबड्या समुद्रात पोर्ट सुदानला गेली, शार्कांच्या शेजारी पोहली, १९५१ च्या चित्रपटाची नायिका झाली आणि यथावकाश श्रीमती हासही झाली. या दांपत्याचे 'झारीफा' जहाज १९५७-५८ च्या सफरीत मालदीव करून आपल्या निकोबार बेटांकडेही येऊन गेले. वाळूत बिळे करून झाडांच्या रोपांसारख्या उभ्या डोलणाऱ्या एका वामेच्या जातीला या सफरीवरून हासचेच नाव मिळाले आहे.

याच सुमारास पाठीवरची टाकी आली. १९४३ साली फ्रेंच नौदलातील झाक कुस्तो आणि एमिल गान्यां या अभियंत्याने, लाकडाच्या धुरावर चालणाऱ्या मोटारींसाठी केलेली एक झडप पाणबुड्याच्या तोंडाशी बसविली. माणूस जेवढा श्वास ओढील तेवढीच हवा, आणि तीही भोवतीच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाने! वरच्या पंपाची नाळ तुटली. हेच आजचे स्कूबा. ब्यूतां शिशाचे जोडे घालून चालत होता. आता माणूस माशासारखा तरंगू लागला, आणि कॅमेरा प्रवाळाच्या प्रत्येक खोबणीत डोकावू लागला.

कुस्तोचा 'द सायलेंट वर्ल्ड' हा चित्रपट १९५६ साली कान महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक घेऊन गेला. लुई माल या तरुणाने त्याचे दिग्दर्शन कुस्तोबरोबर केले होते. त्या चित्रपटाने घराघरात प्रवाळभिंत नेली. परंतु आज तो पाहावयास बसलो तर मध्येच अंगावर शहारा येतो. एका भिंतीवर मासे किती हे मोजण्यासाठी तेथे सुरुंग लावतात. पाणी उसळते, मेलेले मासे गोळा होतात, आणि पाणबुडे ते वाळूवर मांडून मोजतात. दुसऱ्या प्रसंगात जहाजाच्या पंख्याने व्हेलचे पिलू जखमी होते, रक्ताच्या वासाने शार्क येतात, आणि खलाशी त्या शार्कांना ओढून डेकवर कुऱ्हाडीने तोडतात. सगळे कॅमेऱ्यापुढे, उजेडात. त्यांना हे लपवावेसे वाटले नाही, कारण लपविण्यासारखे काही आहे हेच तेव्हा कोणाच्या ध्यानी नव्हते. पुढे हाच कुस्तो समुद्राच्या रक्षणासाठी जगभर बोलत हिंडला. फिल्म मात्र जशी होती तशीच राहिली. कॅमेरा यजमानाचीही भीड ठेवीत नाही.

पुढचा इतिहास सोपा होत जाण्याचा आहे. कुस्तोच्या मंडळींसाठी झां द वूटर्स या बेल्जियन अभियंत्याने पेटीवाचून थेट पाण्यात नेता येईल असा छोटा कॅमेरा रचला; १९६३ साली निकॉन कंपनीने तो 'निकोनॉस' नावाने काढला आणि हौशी पाणबुड्यांच्या गळ्यात तो ताइतासारखा लोंबू लागला. ३६ चित्रांची फिल्म संपली की वर यावे लागे. फिल्म गेल्यावर तीही अडचण गेली. आता एका बुडीत तीनशे चित्रे घेणारी मुले आहेत, आणि त्यांत चांगली चित्रेही असतात.

येथे मला स्वतःविषयी एक कबुली दिली पाहिजे. पन्नाशी उलटल्यावर मी मालवणच्या बाजूला पहिली बुडी मारली. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या समुद्रात प्रवाळ आहेत. १९८७ पासून तेथे सागरी अभयारण्य आहे. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभराहून अधिक किलोमीटर आत, आंग्ऱ्यांचे नाव लागलेल्या आंग्रिया बँकेवर त्याहून मोठी वस्ती आहे, पण तेथे जाण्याइतका मी शूर नाही. मला नेणाऱ्या मुलाने पाण्यात पावाचा चुरा सोडला. काळ्या पट्ट्यांचे पिवळसर मासे मधमाश्यांसारखे भोवती जमले, आणि त्याने माझा फोटो काढला. मला मोठी धन्यता वाटली. तो फोटो मी चारचौघांना दाखविलाही. पुढे एकदा या विषयाच्या एका जाणत्या बाई घरी आल्या होत्या. त्यांनी फोटो हातात घेतला, आणि माझ्या चेहऱ्याकडे न पाहता खाली बोट ठेवले. माझा उजवा गुडघा एका प्रवाळावर टेकला होता, आणि त्याची एक फांदी मोडून वाळूत पडली होती. ताजा तुकडा, पांढराशुभ्र.

"केवढी असेल हो ती फांदी?" मी विचारले.

"वीतभर," त्या म्हणाल्या. "वाढायला काही वर्षं लागली असतील."

तेव्हापासून जुन्या छायाचित्रांकडे मी निराळ्या नजरेने पाहू लागलो. मधल्या माशापेक्षा कडेला काय आहे, हे आधी पाहतो.

असे पाहणारे पुष्कळ आहेत. १८९३ साली विल्यम सॅव्हिल-केंट यांनी ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर मोठे पुस्तक छापले. भरपूर ओहोटीच्या वेळी उघड्या पडलेल्या प्रवाळांची त्यांनी किनाऱ्यावर उभे राहून छायाचित्रे घेतली होती. पाण्याखाली न जाता घेतलेली ही चित्रे शंभर वर्षांनी कामास आली. संशोधकांनी तीच ठिकाणे शोधली, तोच डोंगर मागे येईल असे उभे राहिले आणि पुन्हा चित्रे घेतली. काही ठिकाणी जेथे गालिचा होता तेथे नुसता चिखल आणि दगड. काही ठिकाणी विशेष फरकच नाही. बोवेन गावाजवळच्या स्टोन आयलंडचे चित्र तर वादाचा विषय झाले. तेथील प्रवाळ १९१८ च्या वादळानंतर आलेल्या गोड्या पाण्याच्या लोंढ्याने मेले होते, असे १९२५ मध्येच लिहून ठेवलेले आहे. मग दोष कोणाला द्यावयाचा? आणि मेलेले पुन्हा उगवले का नाहीत? साक्षीदार खरे बोलतो, पण चौकटीत मावले तेवढेच बोलतो. दोन चित्रांच्या मधल्या काळात काय घडले ते त्याला विचारून उपयोग नाही.

म्हणून हल्ली चित्रे वरचेवर घेतात. तळाशी चौकट ठेवून तोच तुकडा दर वर्षी टिपतात, दोरी बांधून त्याच रेषेवरून पोहत जातात. अमेरिकन सामोआतील एका भिंतीची तीन चित्रे जगभर गेली. डिसेंबर २०१४ मध्ये ती तपकिरी, सोनेरी, जिवंत आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये ती बर्फ पडल्यासारखी पांढरी आहे. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये तिच्यावर मळकट शेवाळ चढले आहे. मधले पांढरे चित्र सर्वांत सुंदर दिसते, हे सांगताना जीभ अडखळते. प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवाल भाडेकरूसारखे राहते. तेच उन्हात अन्न शिजवून घरमालकाला देते, आणि रंगही बव्हंशी त्याचाच. पाणी नेहमीच्या कडक उन्हाळ्यापेक्षा एखादा अंश अधिक तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, की भाडेकरू घराबाहेर पडतो. उरतो पारदर्शक जीव आणि त्यातून दिसणारा पांढरा सांगाडा. पाणी लवकर निवले तर शैवाल परत येते. न निवले तर उपासमार. १९९८ साली असे जगभर झाले. आपल्या लक्षद्वीपचीही तेव्हा फार हानी झाली. ग्रेट बॅरिअर रीफवर १९९८, २००२, २०१६, २०१७, २०२०, २०२२ आणि २०२४ या साली मोठ्या प्रमाणावर हे घडले. मधले अंतर कसे आखडत आले ते वाचकांनीच पाहावे.

उष्म्याची ही गोष्ट कोणाला ठाऊक नव्हती असे मात्र नाही. ती ज्यांनी आधी सांगितली त्यांत ड्राय टोर्टुगासच्याच प्रयोगशाळेचे संस्थापक आल्फ्रेड मेयर होते. १९१४ साली त्यांनी तेथील प्रवाळ ऊन पाण्यात ठेवून पाहिले, आणि नेहमीच्या उन्हाळ्याहून थोडेच अंश वर त्यांचे मरण आहे, असे लिहून ठेवले. लाँग्ली आणि मार्टिन तराफा घेऊन त्याच किनाऱ्यावर आले ते त्यानंतर बारा वर्षांनी. तापमापकवाले आणि कॅमेरावाले एकाच छपराखाली काम करीत होते. प्रयोगशाळा १९३९ साली बंद पडली. लाँग्ली त्याच्या दोन वर्षे आधी वारले. त्यांचा टोर्टुगासच्या माशांवरचा ग्रंथ दुसऱ्याने पुरा केला आणि तो १९४१ साली निघाला.

१९९२ पासून त्या बेटांवर राष्ट्रीय उद्यान आहे. तेथे सांबराच्या आणि हरणाच्या शिंगांसारख्या फांद्यांची दोन जातींची प्रवाळे होती. फ्लॉरिडाच्या भिंती उभारण्यात त्यांचा वाटा मोठा. १८८१ साली अलेक्झांडर अगासीझने काढलेल्या नकाशात त्यांचे मळेच्या मळे दाखविलेले आहेत. १९७७ च्या जानेवारीत थंडीची लाट येऊन हरणशिंगी प्रवाळ बहुतेक मेले, रोगराई आली, तरी तुरळक वस्त्या तग धरून राहिल्या. मग २०२३ चा उन्हाळा आला. जुलैत पाणी इतके तापले की किनाऱ्यावरच्या लोकांनी समुद्रातल्या रोपवाटिकांतून प्रवाळांचे तुकडे उचलून जमिनीवरच्या टाक्यांत आणून ठेवले, जणू आग लागलेल्या घरातून मुले बाहेर काढावी. त्या उन्हाळ्याचा हिशेब २०२५ साली 'सायन्स' या नियतकालिकात आला. या दोन जातींच्या समुद्रात राहिलेल्या वसाहतींपैकी फ्लॉरिडा कीज आणि ड्राय टोर्टुगास येथे ९७.८ ते १०० टक्के मेल्या. आता तेथे त्यांची भिंत उभी राहणार नाही, अशी संशोधकांची भाषा आहे.

डुक्करमासा मात्र त्या पाण्यात अजून आहे. लांब तोंडाने वाळू उकरतो, शेंडीचे तीन काटे उभारतो, वाळूवर फिका होतो आणि खडकाशी गडद. पाठीवर टाकी घेतलेली माणसे त्याच्यामागे हळूहळू पोहत जातात आणि त्याचे चित्र घेतात. त्यासाठी आता एक पौंड भुकटी पेटवावी लागत नाही.